वेगाची वंशावळ

गोपाल सैनींनी १९८१ साली ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत पुरी केली आणि तो भारतीय विक्रम सदतीस वर्षे जागचा हलला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे ८:२९.८० मध्ये धावला. त्यानंतर तर बांध फुटावा तसे झाले. सहा वर्षांत त्याने स्वतःचाच विक्रम आणखी नऊ वेळा मोडला आणि ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये घड्याळ ८:०९.९१ वर थांबले. जो आकडा दोन पिढ्यांना साधा शिवताही आला नाही, त्याच्या खाली एकच माणूस जवळजवळ एकवीस सेकंद उतरतो, तेव्हा या खेळात मुरलेला प्रेक्षक टाळ्या वाजवण्याआधी भुवई उंचावतो. कुठेतरी पाणी मुरतेय, असे त्याला वाटते. असे वाटण्यात त्याचा दोष नाही, ही सवय खेळाच्या इतिहासानेच त्याला लावली आहे. माझे म्हणणे एवढेच की एकदम झालेली सुधारणा हे चौकशी सुरू करण्याचे कारण आहे, निकाल देण्याचे नाही. निकालाला लागते ती आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची सलग साखळी, आणि आपल्याकडे नेमकी तीच तुटकी आहे. त्यामुळे आपला संशयही बिनबुडाचा राहतो आणि आपला विश्वासही.

आधी संशयाची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती दुबळी नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२४ च्या आकडेवारीत भारतातून ७,११३ नमुने तपासले गेले आणि २६० दोषी निघाले. हे प्रमाण ३.६ टक्के होते. एवढ्या संख्येने चाचण्या घेणाऱ्या देशांत इतके वाईट प्रमाण दुसऱ्या कुणाचे नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत चाचणी पथक आल्याची कुणकुण लागताच मैदान ओस पडले. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीला एकच गडी उभा राहिला. स्टीपलचेसची एक कनिष्ठ गटातली मुलगी अंतिम रेषा ओलांडल्यावरही थांबली नाही, पळतच सुटली, आणि नमुना घेणाऱ्या अधिकाऱ्याला तिच्यामागे धावावे लागले. विनोद म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट खरे तर या धंद्याचे अर्थशास्त्र आहे. राज्य स्पर्धेतले एक पदक म्हणजे रेल्वे, पोलीस किंवा सैन्यातली क्रीडा कोट्यातली नोकरी, म्हणजेच घराला आयुष्यभराचा पगार. ‘गरीब घरची पोर, ती कशाला असले करील?’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही, कारण मोह सर्वांत मोठा तिथेच असतो. आणि महाराष्ट्र काही यातून सुटलेला नाही. नाशिकची संजीवनी जाधव ही देशातली अव्वल लांब पल्ल्याची धावपटू. तिच्या २०१८ मधल्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडले. हे मुळात गाऊटवरचे औषध, पण दुसरे द्रव्य लघवीत दिसू नये म्हणून वापरता येते, म्हणून बंदी यादीत आहे. तिला दोन वर्षांची बंदी झाली आणि २०१९ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दोह्याला मिळवलेले दहा हजार मीटरचे कांस्यही गेले. डिसेंबर २०२४ च्या पुणे अर्धमॅरेथॉनमध्ये घेतलेल्या एका नमुन्यातून असेच प्रकरण निघाले. त्यात स्टेरॉइड होते आणि शिक्षा चार वर्षांची झाली.

तरीही वेगावरचा अविश्वास औषधांपासून सुरू झालेला नाही. आधी लोक घड्याळावर संशय घेत, मग रस्त्यावर. पहिल्या महायुद्धानंतर पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावत. त्यांच्या वेळा दोराबजी टाटांना युरोपातल्या वेळांच्या जवळपास वाटल्या आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू धाडण्याची कल्पना निघाली. त्या चमूतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. पुण्यातल्या वेळा खोट्या नव्हत्या एवढे त्यातून सिद्ध झाले खरे, पण किती खऱ्या होत्या हे मोजायला गजच नव्हता. अँटवर्पचा रस्ताच मुळी ४२ किलोमीटर ७५० मीटरचा निघाला. आजचे ४२.१९५ हे अंतर दुसऱ्या वर्षी, १९२१ साली, नियमात पक्के झाले. ज्या खेळात अंतरच दर खेपेला बदलते, तिथे ‘एकदम सुधारला’ या बोलण्याला अर्थ काय? औषधांचे म्हणाल तर त्या काळी ती लपवायचीही गरज नव्हती. सेंट लुईसला १९०४ साली टॉमस हिक्सला वाटेत स्ट्रिक्निन, अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग आणि ब्रँडी पाजत पाजत त्याच्या माणसांनी रेषेपर्यंत नेले. विजेता म्हणून त्याचेच नाव लागले, कारण त्याच्या आधी पोहोचलेला फ्रेड लॉर्झ बराच रस्ता मोटारीतून आला होता. मोटार म्हणजे लबाडी आणि विष म्हणजे उपचार, असा तो न्याय होता. आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने उत्तेजकांवर बंदी घातली ती १९२८ साली, आणि ती ओळखण्याची चाचणी यायला त्यानंतरही कित्येक वर्षे गेली.

लांब पल्ल्याच्या धावण्यातला खरा प्रश्न स्नायूंचा नाही, रक्ताचा आहे. तांबड्या पेशी जितक्या जास्त, तितका प्राणवायू जास्त. म्हणून १९७० च्या दशकात संशय रक्तापाशी येऊन ठेपला. फिनलंडचा लासे विरेन एरवी साधारण धावायचा आणि ऑलिंपिक आले की अजिंक्य व्हायचा. म्युनिकला आणि माँट्रियालला पाच हजार आणि दहा हजार मीटरची चारही सुवर्णे त्याने घेतली. स्वतःचेच साठवलेले रक्त तो पुन्हा चढवून घेतो, अशी कुजबुज जन्मभर त्याच्या मागे लागली. त्याने ती कायम नाकारली. त्याचाच देशबंधू कार्लो मानिन्का याने मात्र १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकबाबत रक्त चढवल्याचे कबूल केले, आणि ते तेव्हा नियमात बसत होते. पुढे एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ आले. मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी बनवलेले हे संप्रेरक टोचले की मज्जा तांबड्या पेशी वाढवते. १९९० साली त्यावर बंदी आली, पण ते पकडणारी चाचणी ऑलिंपिकमध्ये आली ती २००० साली सिडनीला. मधली दहा वर्षे म्हणजे बिनराखणीचे शेत. त्याच काळात, सप्टेंबर १९९३ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत वांग जुनशिया दहा हजार मीटर २९:३१.७८ मध्ये धावली आणि जागतिक विक्रम एका फटक्यात सुमारे ४२ सेकंदांनी खाली आला. तिचा प्रशिक्षक मा जुनरेन कासवाच्या रक्ताच्या आणि हिमालयी किडाजडीच्या गोष्टी सांगत असे. सिडनीच्या तोंडावर त्याच्या सहा धावपटूंना रक्तचाचणीनंतर चीनने स्वतःच संघातून वगळले. संशयाला इतका भक्कम दाखला क्वचित मिळतो. गडबड होते ती हाच दाखला मापदंड म्हणून सगळीकडे लावला जातो तेव्हा.

मापदंड म्हणून नुसता आकडा किती मुका असतो, ते टक्केवारी काढून पाहावे. केनियाची रूथ चेपन्गेटिच ऑक्टोबर २०२४ मध्ये शिकागोला मॅरेथॉन २:०९:५६ मध्ये धावली. दोन वर्षांपूर्वी तिथेच नोंदवलेल्या तिच्या स्वतःच्या २:१४:१८ या वेळेपेक्षा हे सव्वातीन टक्क्यांनी कमी होते. स्पर्धेनंतरच्या पत्रकार परिषदेतच तिला औषधांबद्दल विचारले गेले आणि तसे विचारणाऱ्यावर बरीच टीकाही झाली. पुढच्या मार्चमध्ये घेतलेल्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड सापडले. आपल्याकडे रक्तदाबाच्या गोळ्यांत सर्रास असणारे हे द्रव्य लघवी वाढवून इतर द्रव्ये पातळ करते. तिला तीन वर्षांची बंदी झाली. आता ललिता बाबर घेऊ. साताऱ्याच्या माण तालुक्यातली मोहीची ही मुलगी २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत स्टीपलचेस ९:३५.३७ मध्ये धावली आणि दोन वर्षांनी रिओत ९:१९.७६ मध्ये. ही सुधारणा २.७ टक्के. साबळेची सहा वर्षांतली सुधारणा ३.९ टक्के. या दोघांवर उत्तेजकांचा कसलाही ठपका नाही. मग टक्क्यांनी काय सांगितले? काहीच नाही. टक्के कुठल्या पायरीवरून मोजले, यावर सगळे अवलंबून असते. जागतिक विक्रमाच्या काठावर उभ्या असलेल्या धावपटूला एक टक्काही हिमालयाएवढा. पण साबळेचे ८:०९.९१ लामेचा गिर्माच्या ७:५२.११ पासून अजून जवळजवळ अठरा सेकंद दूर आहे, आणि सैनींचा विक्रम सदतीस वर्षे टिकला तो गाठता न येण्याजोगा होता म्हणून नाही. त्या वाटेला मन लावून गेलेलेच थोडे होते. शिवनाथ सिंगांचे १९७८ चे २:१२:०० हे मॅरेथॉनच्या भारतीय विक्रमाचे आकडे चार दशकांहून अधिक काळ टिकले त्यामागेही हीच दुर्लक्षाची कथा आहे.

असा एकटा आकडा किंवा एकटा लेख पुढ्यात आला तर त्याचे काय करायचे, याची रीत इतिहासवाल्यांनी फार आधी बसवली आहे, आणि तिचा उत्तम नमुना खारेपाटणला आहे. कणकवली तालुक्यातल्या, विजयदुर्गच्या खाडीवरच्या या जुन्या बंदराच्या गावी रट्टराज शिलाहाराचा शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट सापडला. तो पहिल्यांदा प्रसिद्ध केला बाळशास्त्री जांभेकरांनी. तेही इथूनच जवळच्या पोंभुर्ल्याचे. पुढे कीलहॉर्नने ‘एपिग्राफिया इंडिका’त तो नव्याने संपादला आणि वा. वि. मिराशींनी शिलाहारांच्या लेखसंग्रहात घेतला. तीन पत्र्यांवर दक्षिण कोकणच्या शिलाहारांची सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा राजांची वंशावळ आहे, आणि त्याआधी त्यांचे जुने धनी राष्ट्रकूट यांचीही. आता एखादा लहानसा मांडलिक स्वतःचा वंश एकदम विद्याधर जीमूतवाहनापर्यंत नेऊन भिडवतो, तेव्हा संशय यायलाच हवा. तो सगळ्यांना आला. पण म्हणून कुणी पत्रे भंगारात टाकले नाहीत. राष्ट्रकूटांच्या पिढ्या त्यांच्या स्वतःच्या ताम्रपटांशी ताडल्या, अक्षरांचे वळण त्या शतकाचे आहे का ते पाहिले, ज्येष्ठ पौर्णिमेची मिती गणिताने तपासली. हे सारे जुळले, म्हणून लेख अस्सल ठरला आणि जीमूतवाहन बाजूला राहिला. एकाच लेखातले काही खरे, काही बढाई, असे म्हणायला त्यांना अडचण वाटली नाही. पुरालेखतज्ज्ञ फ्लीटने १९०१ साली बनावट लेखांची यादी छापली तीही याच रीतीने. एखादे दान फारच मोठे वाटले एवढ्यावर लेख खोटा ठरत नसे. मिती आणि लिपी एकमेकींशी भांडत असतील तर ठरे.

धावपटूंच्या जैविक पारपत्राची कल्पना अगदी हीच आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने त्याचे नियम २००९ च्या डिसेंबरात आणले. तोवर चाचणी द्रव्य शोधत होती. पारपत्र द्रव्य शोधतच नाही. ते त्या माणसाचे रक्त त्याच माणसाच्या जुन्या रक्ताशी ताडते. पद्धत बारकाईची आहे. धावून झाल्यावर दोन तास थांबून मगच रक्त घ्यायचे, कारण घामाने शरीर सुकले की हिमोग्लोबिन आपोआप वाढलेले दिसते. अलीकडे उंचावर सराव केला का, ते अर्जावर लिहून घ्यायचे. नमुना थंडच ठेवून प्रयोगशाळेत न्यायचा. तिथे हिमोग्लोबिन आणि नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशी मोजतात. बाहेरून रक्त चढवले असेल तर हिमोग्लोबिन वर आणि कोवळ्या पेशी खाली असतात, कारण शरीर म्हणते, भरपूर आहे, आता कारखाना बंद. मिती आणि लिपी इथे भांडतात. मग नाव झाकलेला तक्ता तज्ज्ञांपुढे जातो. रशियाची लिलिया शोबुखोवा याच मार्गाने पकडली गेली. तिच्या शरीरात कुठलेही बंदीचे द्रव्य सापडले नव्हते, तरी शिकागो आणि लंडन मॅरेथॉनची तिची विजेतेपदे रद्द झाली.

यावर पहिला आक्षेप असा की हुशार चोर याही जाळ्यातून निसटतो. अगदी थोडी मात्रा रात्री टोचली तर सकाळपर्यंत ती विरते आणि पारपत्राची रेघ फारशी हलत नाही. म्हणजे चाचणीत न सापडणे हा निर्दोषत्वाचा पुरावा होत नाही. हे मान्यच करावे लागते. अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्स वर्षानुवर्षे ‘माझी एकही चाचणी दोषी नाही’ म्हणत राहिली आणि शेवटी तिनेच कबुली दिली. पण या आक्षेपातून ‘म्हणून वेगवान तो दोषी’ हे निघत नाही. त्यातून निघते ते एवढेच की रक्ताशेजारी दुसरे पुरावे मांडले पाहिजेत, जसे शेजारच्या राजांचे लेख मांडतात. साबळेच्या बाबतीत तसे पुरावे आहेत. तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि धावण्याच्या स्पर्धांकडे वळला तो २०१५ च्या सुमारास, वयाच्या विशीत. उशिरा सुरुवात करणाऱ्याची पहिली काही वर्षे उभी चढणीची असतात. सर्वांत बोलका पुरावा प्रशिक्षकांचा. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव हे कडक सरावासाठी प्रसिद्ध. ललिता बाबर, सुधा सिंग, कविता राऊत त्यांच्या हाताखालच्या. परदेशी, विशेषतः पूर्व युरोपीय प्रशिक्षक म्हटले की आपल्याकडे शंका येते आणि ती उगाच येत नाही. २०११ साली रिले संघातल्या मुली स्टेरॉइडमध्ये सापडल्या तेव्हा युक्रेनच्या युरी ओगोरोदनिक यांना काढावे लागले होते. पण साबळे स्नेसारेवांना सोडून सैन्याच्या अमरीश कुमारांकडे परतला, त्यानंतरही विक्रम उतरतच राहिले. पुढे तो अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला स्कॉट सिमन्सकडे गेला, तेव्हाही उतरले. एखाद्या प्रशिक्षकाच्या पेटीतच जादू असती तर पेटी बदलल्यावर रेघ तुटली असती. हा पुरावा निर्णायक नाही, पण वजनदार आहे.

दुसरा आक्षेप बुटांचा. आणि तो अर्धा खरा आहे. २०१७ नंतर जाड फेसाचे, कार्बनची पट्टी घातलेले बूट आले आणि रस्त्यावरच्या साऱ्या वेळा खाली आल्या. २०२० मध्ये महासंघाला तळव्याची जाडी ४० मिलिमीटरवर रोखावी लागली. त्यानंतरची ‘एकदम’ सुधारणा बरीचशी सर्वांचीच आहे आणि म्हणून तिच्यात संशयाला जागा कमी. जो एकटाच सुधारला त्याच्याकडे पाहावे. ललिता बाबरच्या २०१६ च्या वेळेला मात्र बूट लागू पडत नाहीत. ती मुंबई मॅरेथॉनची भारतीय विजेती, रस्त्यावरून स्टीपलचेसकडे वळलेली. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्यांचे तंत्र नव्याने शिकणाऱ्याची वेळ भराभर उतरते, कारण सुरुवातीला सेकंद फुफ्फुसात नव्हे, अडथळ्यापाशी पाय अडखळण्यात जातात. गंमत अशी की रिओच्या त्या अंतिम फेरीत संशय घ्यायचाच तर तो दहाव्या आलेल्या ललितावर घ्यायला जागा नव्हती. सुवर्ण जिंकणारी बहारीनची रूथ जेबेत पुढे ईपीओमध्ये सापडली आणि तिला चार वर्षांची बंदी झाली. रिओचे सुवर्ण तिच्याकडेच राहिले. त्याआधीच्या लंडन ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीचे सुवर्ण रशियाच्या युलिया झारिपोवाकडून काढून घेऊन ट्युनिशियाच्या हबीबा घ्रिबीला द्यावे लागले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची आपली जुनी खोड अशा वेळी उफाळून येते, कारण संन्यासी ओळखीचा असतो आणि चोर दूरदेशीचा.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. पुरावा मिळेपर्यंत गप्प बसायचे तर शुद्ध धावपटूचे पदक कोण राखणार? पण गप्प बसा असे कुणी म्हणत नाही. शिकागोतला तो प्रश्न योग्यच होता, प्रश्न म्हणून. उत्तर शोधण्याचे काम मात्र नोंदींचे आहे, आणि इथे आपली खरी उणीव उघडी पडते. २०२४ च्या त्या ७,११३ नमुन्यांत रक्ताचे नमुने होते फक्त ५३७. उरलेली सगळी लघवी. कोट्यवधींच्या देशात, सगळे खेळ मिळून. शिवाय नियमित चाचणीच्या यादीत धावपटू येतो तो नाव झाल्यावर, म्हणजे ज्या वर्षांत रेघ उभी चढते ती वर्षे कोरीच. माणमधल्या किंवा आष्टीतल्या शाळेच्या मैदानावर हातघड्याळाने घेतलेली वेळ गुरुजींच्या वहीत राहते आणि वही पावसाळ्यात जाते. मग तोच मुलगा चार वर्षांनी विजेवरच्या घड्याळात दिसतो आणि आपण म्हणतो, हा कुठून उगवला? उगवला नव्हता, आपण पाहत नव्हतो. जिल्हा स्पर्धांच्या विजेत्यांचे वर्षाकाठी दोनदा रक्त तपासून ठेवण्याचा खर्च एका मोठ्या मॅरेथॉनच्या बक्षिसांपुढे फार नाही. ते झाले तर शंका घेणाऱ्याच्या हाती काही लागेल आणि जिच्यावर शंका घेतली तिच्याही.

नोंदीची वही मात्र अजून जुन्याच शिस्तीची आहे. तिला विक्रम आहे किंवा नाही, एवढेच दोन रकाने माहीत. चेपन्गेटिच दोषी ठरली, पण शिकागो हे मार्चच्या नमुन्याआधीचे, म्हणून २:०९:५६ कायम. वांगचे दहा हजार मीटर अल्माझ अयानाने २०१६ मध्ये रिओत मोडले, पण १९९३ च्या त्याच आठवड्यातले वांगचे तीन हजार मीटरचे ८:०६.११ तीस वर्षे उलटल्यावरही वहीत तसेच होते, कुठलीही खूण न करता. २०१७ साली युरोपीय महासंघाने २००५ पूर्वीचे सगळेच विक्रम बाजूला ठेवण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा चोरांबरोबर सावांचेही विक्रम जाणार म्हणून जुने धावपटू चवताळून उठले आणि तो बारगळला. पुसणे आणि ठेवणे यांच्या मधला तिसरा मार्ग, म्हणजे विक्रम छापायचा आणि शेजारी शेरा मारायचा, फ्लीटला सव्वाशे वर्षांपूर्वी सुचला होता. अॅथलेटिक्सला तो अजून सुचलेला नाही. रिओतले नमुने दहा वर्षे गोठवून ठेवायचे ठरले होते. ती मुदत ऑगस्ट २०२६ ची. जेबेतच्या सुवर्णाविषयी प्रयोगशाळेला जे काही बोलायचे असेल ते तोवरच बोलता येते.